विश्लेषण : ‘तुम्ही दोघे अगदी सारखे दिसता!’ नवरा-बायको, जिवलग मित्र खरेच एकसारखे होतात का?

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो स्टेटसला ठेवला, की खाली एखादी मावशी हमखास लिहिते, ‘दोघांचा तोंडवळा अगदी एक झाला!’ सतत बरोबर फिरणाऱ्या दोन मित्रांना चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारते, ‘सख्खे भाऊ का?’ नव्या नवरा-नवरीला मात्र ‘भाऊ-बहीण वाटता’ हे ऐकून अवघडायला होते. या बोलण्यात तथ्य किती आणि डोळ्यांचा भास किती, हे गेल्या चार दशकांतील संशोधनातून बरेचसे स्पष्ट झाले आहे. काही उत्तरे आपल्या सोयरिकीच्या रीतीत आहेत. त्यातला एक धागा थेट तुमच्या रक्तदाबापर्यंत आणि साखरेपर्यंत जातो.

हा समज आला कुठून?

‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ हे कौतुक मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकू येते. दोघे एकमेकांना शोभतात, एवढाच त्याचा अर्थ. पण शोभणे आणि सारखे दिसणे यांची बोलण्यात सरमिसळ होते. बरोबर राहून माणसे एकमेकांसारखी होतात, ही समजूतही जुनी आहे. त्यासाठी मराठीत म्हणच आहे : ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’

ही म्हण नीट वाचली, तर ती प्रचलित समजुतीच्या उलट बोलते. दोन बैल एका दावणीला बांधले म्हणून एकाचा रंग दुसऱ्याला येत नाही, सवयी मात्र येतात. चेहरा बदलत नाही, वागणे बदलते. हे खरे की खोटे, याचा निकाल लावायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

१९८७ च्या अभ्यासात काय आढळले होते?

‘नवरा-बायको कालांतराने सारखे दिसू लागतात’ या समजाला शास्त्रीय आधार मिळाला तो १९८७ मध्ये. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ जोडप्यांचे फोटो गोळा केले. एक लग्नाच्या सुमाराचा, दुसरा साधारण २५ वर्षांनंतरचा. विद्यार्थ्यांना हे चेहरे सुटे सुटे दाखवून कोण कुणासारखे दिसते ते ठरवायला सांगितले. लग्नाच्या वेळचे फोटो पाहून जोड्या ओळखता येत नव्हत्या. २५ वर्षांनंतरच्या फोटोंत मात्र नवरा-बायकोत साम्य असल्याचा कौल मिळाला. ज्या जोडप्यांतील साम्य अधिक वाढले होते, त्यांनी आपला संसार अधिक सुखाचा असल्याचेही सांगितले होते.

झायोंक यांचे स्पष्टीकरण पटण्यासारखे होते. जवळच्या माणसाला हसताना पाहिले की आपल्या चेहऱ्याचे स्नायू नकळत तसेच हलतात, त्याच्या कपाळाला आठी पडली की आपल्याही पडते. वर्षानुवर्षे हे होत राहिले, तर दोघांच्या चेहऱ्यांवर सुरकुत्या एकाच जागी पडतील, असा त्यांचा तर्क. हा अभ्यास पाठ्यपुस्तकांत गेला, वर्तमानपत्रांत गेला आणि जगभर खरा मानला गेला. अडचण एवढीच होती, की सगळी इमारत केवळ १२ जोडप्यांवर उभी होती.

मग २०२० मध्ये काय बदलले?

स्टॅनफर्ड विद्यापीठातील पिन पिन टी-माकॉर्न आणि मिखाल कोसिन्स्की यांनी हाच प्रश्न नव्याने तपासला. या वेळी जोडपी होती ५१७. प्रत्येकाचा एक फोटो लग्नानंतर दोन वर्षांच्या आतला आणि दुसरा २० ते ६९ वर्षांनंतरचा. एका व्यक्तीचा चेहरा आणि त्यासोबत सहा चेहरे दाखवायचे. त्यातला एक खरा जोडीदार, बाकीचे पाच भलतेच. या सहांना साम्यानुसार क्रम लावायचा. हे काम माणसांकडून करून घेतले आणि चेहरा ओळखणाऱ्या संगणक प्रणालीकडूनही.

दोन्हींचा निष्कर्ष एकच निघाला. नवरा-बायकोंचे चेहरे अनोळखी माणसांच्या तुलनेत एकमेकांशी थोडे अधिक मिळतेजुळते असतात, हे खरे. पण हे साम्य लग्नाच्या वेळीच असते. पुढच्या ३०-४० वर्षांत ते वाढत नाही.

बैलबाजारात जाणाऱ्या शेतकऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. उंची, शिंगांची ठेवण, अंगलट, रंग पाहून जोड बाजारातच जुळवून घेतली जाते. जोखडाखाली आल्यावर बैल एकमेकांसारखे होत नाहीत. माणसांचेही बहुतांशी तसेच आहे. जोड लागते ती आधी, संसार होतो तो नंतर.

पण जोड सारखीच का लागते?

जोडीदार निवडताना माणूस सगळ्या जगातून निवडत नाही. तो आपल्या भाषेतून, भागातून, समाजातून आणि शिक्षणाच्या पातळीतून निवडतो. अमेरिकेतील ८२५ जोडप्यांच्या जनुकांवर आधारित एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नवरा-बायको जनुकीयदृष्ट्या दोन अनोळखी माणसांपेक्षा किंचित अधिक जवळचे असतात, असे त्यात आढळले. मात्र शिक्षणातील सारखेपणा त्याच्या सुमारे तिप्पट होता. म्हणजे माणसे जनुके पाहून एकत्र येत नाहीत. ज्या वर्तुळात वावरतात तिथे सारखी माणसे आधीच जमलेली असतात.

आपल्याकडे हे वर्तुळ आणखी लहान आहे. जालना जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १९ लाख ५९ हजार, आणि दर पाचपैकी चार माणसे खेड्यांत राहणारी. अशा जिल्ह्यात सोयरीक जमते ती मुख्यतः जातीत, ओळखीत आणि आसपासच्या तालुक्यांत. भोकरदन-जाफराबादची सोयरीक बुलडाण्याकडे सरकते, परतूर-मंठ्याची परभणीकडे, अंबड-घनसावंगीची बीडकडे. लग्नाचा बायोडाटा पाहा. उंची, रंग, शिक्षण यांच्याबरोबर ‘मामेकुळ’ आणि ‘नातेसंबंध’ हे रकाने असतातच. त्यातली आडनावे वाचून मध्यस्थ सांगतो, ‘अहो, हे तर आपल्याच पाहुण्यांतले निघाले!’

कूळ किंवा देवक एक असेल तर लग्न होत नाही, पण जात मात्र एकच लागते. म्हणजे फार जवळचे नको आणि फार लांबचेही नको. पिढ्यान् पिढ्या अशी लग्ने झाली, की त्या वर्तुळातील माणसांच्या नाकाची ठेवण, कपाळ, हनुवटी, वर्ण यांत साम्य असणे साहजिक आहे. वरपक्ष आणि वधूपक्ष एका मंडपात बसले की फोटोत कोण कुठल्या बाजूचा हे ओळखू येत नाही, ते उगीच नाही.

सून सासूसारखी कशी दिसते?

‘सून अगदी सासूच्या वळणावर गेली’ हे कौतुक काही घरांत अक्षरशः खरे असते, कारण सासू ही सुनेची सख्खी आत्या असते.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरचा आपला गाजलेला ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर भारतात जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचे, आणि महाराष्ट्र या दोन रीतींच्या सीमेवर, असे चित्र त्यांनी मांडले. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मुलाने मामाची मुलगी करणे चालते, किंबहुना काही घरांत तो मामाकडचा हक्कच समजला जातो. उलट आत्याची मुलगी करणे मात्र टाळले जाते. ज्या घरी लेक दिली, त्याच घरी पुढच्या पिढीतली लेक द्यायची, त्या घरातून परत आणायची नाही, असा हा हिशेब आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड नात्यात लग्नाला मनाई केली आहे. आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंतचे नाते सपिंड धरले जाते. मात्र दोन्हीकडे तशी रूढी असेल तर कायद्याने अपवाद ठेवला आहे. त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत टिकून राहिली.

आता गणित पाहा. सख्ख्या भावंडांत सरासरी ५० टक्के जनुकीय वारसा समान असतो. आत्या आणि भाची यांच्यात २५ टक्के. आतेभाऊ आणि मामेबहीण यांच्यात साडेबारा टक्के. अशा घरात नवरा-बायको एकमेकांसारखे दिसले आणि सून सासूसारखी दिसली, तर त्यात संसाराचा महिमा नाही, आजी-आजोबा एकच असण्याचा परिणाम आहे. ‘भाऊ-बहीण वाटता’ हे वाक्य तिथे फारसे चुकीचेही नसते.

जिवलग मित्र सारखे का वाटतात?

मित्र आपण बायोडाटा पाहून निवडत नाही. तरीही तिथे निवड होतेच. निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील दीर्घकालीन आरोग्य अभ्यासातील १,९३२ जणांच्या जनुकीय माहितीची तुलना केली. नात्यातले नसलेले दोन मित्र हे सरासरी चौथ्या पिढीतील चुलत भावंडांइतके जनुकीयदृष्ट्या जवळचे असतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. आपल्या भाषेत सांगायचे तर दोघांच्या खापरपणजोबांचे वडील एकच असावेत इतके. हे साम्य एका टक्क्याच्या आसपास भरते, म्हणजे फारच थोडे. त्यातही वास ओळखण्याशी संबंधित जनुकांत साम्य जास्त आणि रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित काही जनुकांत फरक जास्त होता.

वासाचा मुद्दा पुढे आणखी एका अभ्यासात आला. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी पहिल्याच भेटीत सूर जुळलेल्या मित्रांच्या अंगाचा वास यंत्राने तपासला. अनोळखी जोड्यांपेक्षा या मित्रांचा वास एकमेकांशी अधिक जुळणारा निघाला. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये वेगळाच प्रयोग झाला. व्यवस्थापनाच्या एका वर्गातील ४२ विद्यार्थ्यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवून एकच व्हिडीओ मालिका दाखवली. विनोद, वादविवाद, माहितीपट असे त्यात सगळे होते. कोण कुणाचा मित्र हे आधीच नोंदवलेले होते. मित्रांचे मेंदू तेच दृश्य पाहताना जवळपास सारख्याच जागी ‘हलत’ होते. मित्राचा मित्र घेतला तर साम्य कमी, त्याहून लांबचा घेतला तर आणखी कमी. एकाच विनोदावर हसणारे, एकाच भाषणाला कंटाळणारे दोघे मित्र होतात की मित्र झाल्यावर तसे होतात, हे मात्र या प्रयोगातून ठरत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी घडतात.

बाकीचे साम्य आपण स्वतः तयार करतो. शहरातल्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहा. ‘शुभेच्छुक’ म्हणून छापलेले दहा-पंधरा चेहरे पटकन वेगळे काढता येत नाहीत. सलून एक, दाढीची कट एक, गॉगल एक, पांढरा शर्ट एक आणि फोटोसाठी उभे राहायची ढबही एक. हळदीला सगळ्या मित्रांनी एकाच रंगाचे कुर्ते घ्यायचे, वरातीत एकाच रंगाचे फेटे बांधायचे. ‘आम्ही एक आहोत’ हे कपड्यांतून सांगितले जाते आणि पाहणाऱ्याला ते चेहऱ्यावर दिसू लागते.

नाते नसताना दोन माणसे हुबेहूब कशी?

कॅनडातील छायाचित्रकार फ्रान्स्वा ब्रुनेल हे अशा जोड्यांचे फोटो अनेक वर्षे काढत आहेत. एकमेकांशी काहीही नाते नाही, पण पाहणारा जुळे समजेल. बार्सिलोना येथील संशोधक मानेल एस्टेलर यांच्या गटाने यातील ३२ जोड्यांच्या चेहऱ्यांची तपासणी तीन वेगवेगळ्या संगणक प्रणालींकडून केली. त्यातल्या १६ जोड्या तिन्ही प्रणालींनी ‘सारख्या’ ठरवल्या. त्यांचा डीएनए तपासला तेव्हा १६ पैकी ९ जोड्यांत जनुकीय साम्य लक्षणीय निघाले.

जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या घरात आहे आणि चेहरा घडवणाऱ्या जनुकांच्या जुळण्या मर्यादित आहेत. कुठेतरी त्या पुन्हा जमून येतात. या जोड्यांत आतड्यांतील जिवाणू आणि जनुकांचे चालू-बंद होणे मात्र वेगवेगळे होते. म्हणजे चेहरा एक असला तरी शरीरातले सगळेच सारखे नसते. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

यात डोळ्यांचा भास किती?

बराच. दोन माणसे जोडीने समोर आली, की आपला मेंदू त्यांना एक गट मानतो आणि साम्य शोधायला लागतो. ‘हे मायलेक आहेत’ असे सांगून फोटो दाखवला, तर नाक-डोळ्यांचे साम्य लगेच सापडते. तेच चेहरे सुटे दाखवले तर ते सुचतही नाही. म्हणूनच वरच्या अभ्यासांत चेहरे जोडीने न दाखवता वेगवेगळे दाखवले गेले.

दुसरे कारण ओळखीचे. ज्या समाजातल्या माणसांत आपण वाढलो, त्यांच्या चेहऱ्यांतले बारीक फरक आपल्याला सहज कळतात. बाहेरच्यांचे कळत नाहीत. परप्रांतातून आलेले कामगार गावकऱ्यांना सारखे वाटतात आणि त्या कामगारांना गावकरी सारखे वाटतात. मुंबईच्या साहेबाला मराठवाड्यातली जोडी ‘अगदी सारखी’ वाटली, तर तो साहेबाच्या नजरेचा दोषही असू शकतो.

तिसरे कारण वयाचे. म्हातारपणी केस पांढरे होतात, भुवया विरळ होतात, कातडी सैल पडते, दात गेले की गाल बसतात आणि हनुवटी पुढे येते. पुरुषाचा चेहरा आणि बाईचा चेहरा यांतला ठळक फरक त्यात पुसट होत जातो. त्यामुळे सत्तरीतले आजी-आजोबा सारखे वाटतात. पण तसे ते शेजारच्या आजी-आजोबांसारखेही दिसत असतात.

मग एकत्र राहून काहीच बदलत नाही?

बदलते, आणि खूप बदलते. फक्त ते नाक-डोळ्यांत नसते. समोरचा पाय हलवू लागला की आपण पाय हलवतो, त्याने चेहऱ्याला हात लावला की आपला हात वर जातो. न्यूयॉर्क विद्यापीठातील तान्या चार्ट्रंड आणि जॉन बार्ग यांनी १९९९ मध्ये हे प्रयोगाने दाखवले आणि त्याला सरड्याच्या रंगबदलाची उपमा देऊन नाव ठेवले. ज्याची आपण नक्कल करतो आहोत हे कुणालाच कळत नाही. पण ज्याची नक्कल झाली, त्याला समोरचा माणूस अधिक आवडतो.

बोलण्याचेही तसेच. कॉलेजच्या एका खोलीत राहणाऱ्या मुलांचे उच्चार वर्षभरात एकमेकांकडे सरकतात, असे अभ्यासातून दिसले आहे. देऊळगावराजाकडची लेक जालन्यात सून म्हणून आली, की दोन-चार वर्षांत तिच्या बोलण्यात सासरचे शब्द येतात आणि माहेरी गेल्यावर बहिणी हसतात. नवऱ्याच्या तोंडातही तिच्याकडची एखादी लकब रुळलेली असते. दोघांचे ‘हो’ म्हणणे, मान डोलावणे, हसताना तोंडावर हात धरणे एक होते. परक्या माणसाला हेच साम्य चेहऱ्याचे वाटते. फोटोत सारखी न दिसणारी जोडी समोर बोलताना सारखी वाटते, ती यामुळे.

जगणे एक असले की शरीरावरचे ठसेही एक होतात. याचे सर्वांत कठोर उदाहरण ऊसतोडीत दिसते. जालना जिल्ह्याच्या अनेक गावांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे मजुरांची जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ असतो. उचल एका कोयत्याला मिळते, मोजदादही एका कोयत्याचीच होते. पहाटेपासून एकच फड, एकच ऊन, मोळ्या वाहणे, पाचटाचे ओरखडे, अपुरी झोप, कोपीतले तेच जेवण, बहुतेकदा तंबाखू किंवा मिश्रीही. उन्हातील अतिनील किरणांनी कातडी लवकर सुरकुतते, तंबाखूने दात आणि हिरड्या जातात. अशी दोन माणसे चाळिशीतच सारखी थकलेली दिसली, तर ते प्रेमाने आलेले साम्य नव्हे. ते कामाने आणलेले असते.

याचा आरोग्याशी काय संबंध?

‘गुण लागला’ हा भाग इथे महत्त्वाचा ठरतो. एका घरात मीठ एक, तेल एक, चहातली साखर एक, जेवणाची वेळ एक आणि काळज्याही एकच. त्यामुळे आजारही जोडीने येऊ शकतात.

अमेरिका, इंग्लंड, चीन आणि भारत या चार देशांतील मध्यमवयीन व वयस्क जोडप्यांचा एक मोठा अभ्यास डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यात भारतातील २२ हजारांहून अधिक जोडपी होती. त्याचे निष्कर्ष असे :

• भारतात जवळपास २० टक्के जोडप्यांत नवरा आणि बायको दोघांनाही उच्च रक्तदाब होता. म्हणजे पाचपैकी एका घरात.

• इंग्लंडमध्ये हे प्रमाण सुमारे ४७ टक्के, अमेरिकेत ३८ टक्के आणि चीनमध्ये २१ टक्के होते.

• मात्र एकाला असेल तर दुसऱ्यालाही असण्याचा संबंध भारत आणि चीनमध्ये अधिक घट्ट होता. नवऱ्याला रक्तदाब असलेल्या भारतीय बायकांत तो असण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा १९ टक्क्यांनी जास्त होती.

मधुमेहाचेही असेच चित्र आहे. आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला. जोडीदाराला मधुमेह असेल तर आपल्याला तो होण्याचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. नवरा-बायकोत रक्ताचे नाते नसते, त्यामुळे हा वाटा मुख्यतः ताटाचा आणि सवयींचा आहे.

आपल्याकडे होते काय? नवऱ्याला चक्कर आली की त्याला दवाखान्यात नेले जाते, गोळी सुरू होते आणि बायको गोळीची वेळ सांभाळते. तिचा रक्तदाब कुणी मोजत नाही. डॉक्टरांनी एकाला ‘मीठ कमी करा’ सांगितले तर त्याची भाजी वेगळी काढली जाते आणि बाकीचे घर जुन्याच चवीवर चालते. वरचे आकडे सांगतात, की हा सल्ला एकट्याचा नाही, घराचा आहे.

नात्यात लग्न असेल तर काय काळजी घ्यावी?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात सुमारे ११ टक्के विवाह नात्यातले होते. तमिळनाडू आणि कर्नाटकात हे प्रमाण पाव हिश्श्याहून अधिक होते. महाराष्ट्रातही ही रीत अनेक समाजांत आहे.

कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. आते-मामे भावंडांच्या लग्नात ती जवळपास दुप्पट होते. म्हणजे बहुतेक बाळे निरोगीच जन्मतात. भीती घालण्याचे कारण नाही, पण दुर्लक्ष करण्याचेही नाही. एखाद्या आजाराचे सदोष जनुक एकाच आजोबांकडून दोघांकडे आलेले असेल, तर ते बाळात दोन्हीकडून एकत्र येऊ शकते. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे त्यातले महत्त्वाचे रक्ताचे आजार. आई-वडील वरकरणी ठणठणीत असतात, बाळाला मात्र आयुष्यभर रक्त चढवावे लागू शकते.

त्यामुळे ‘दोघे किती सारखे दिसतात’ हे कौतुक नात्यातल्या लग्नात ऐकू आले, तर त्यासोबत एक तपासणी जरूर करावी.

नेमके काय करावे?

• एकाला रक्तदाब किंवा मधुमेह निघाला, तर दुसऱ्याचीही तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. ३० वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत केली जाते.

• मीठ, तेल, साखर कमी करायची तर सगळ्या घराची करा. वेगळे पातेले फार दिवस टिकत नाही.

• तंबाखू, मिश्री सोडायची तर दोघांनी एकदम सोडा. एकाच्या हातात पुडी राहिली तर दुसऱ्याचा निश्चय मोडतो.

• नात्यात लग्न ठरत असेल, तर लग्नाआधी किंवा निदान बाळाचा विचार करण्याआधी दोघांची हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करून घ्या. घराण्यात मूकबधिरता, मतिमंदत्व किंवा लहानपणीच मूल दगावल्याची उदाहरणे असतील, तर ती डॉक्टरांना न लपवता सांगा.

‘भाऊ-बहीण वाटता’ असे कुणी म्हटले तर?

अवघडून जाण्याचे कारण नाही. स्कॉटलंडमधील संशोधक लिसा डीब्रुइन यांनी संगणकावर परक्या चेहऱ्यांत पाहणाऱ्याच्याच चेहऱ्याची थोडी झाक मिसळून प्रयोग केले. आपल्यासारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यावर माणसे अधिक विश्वास ठेवतात, असे त्यात दिसले. मात्र क्षणिक आकर्षणाचा प्रश्न आला की असा चेहरा मागे पडतो. तेव्हा ‘सारखे दिसता’ हे ऐकताना विश्वासाची बाजू आठवावी.

या बोलण्याची एक कडवट बाजूही आहे. ‘जोडी शोभत नाही’, ‘तो गोरा, ही सावळी’, ‘ती उंच, हा ठेंगणा’ हे शेरे पाहण्याच्या कार्यक्रमापासून रिसेप्शनच्या स्टेजपर्यंत ऐकू येतात आणि त्यांचा मार बहुतेकदा मुलीला बसतो. स्थळे याच कारणाने मोडतात. ज्या १९८७ च्या अभ्यासाने साम्याचा आणि सुखाचा संबंध जोडला होता, त्यातला साम्य वाढण्याचा निष्कर्षच ५१७ जोडप्यांच्या तपासणीत टिकला नाही. चेहरे जुळले नाहीत म्हणून संसार बिघडतो, असे या संशोधनात कुठेही दिसत नाही.

चेहऱ्याची ठेवण आजी-आजोबांकडून येते, त्यात जोडीदाराचा हात नसतो. हसणे, बोलणे, ताटातले मीठ आणि खिशातली पुडी यांत मात्र असतो. तिथे कोणता गुण लागू द्यायचा, हे दोघांच्या हातात आहे.